घोंगडीवरचा कॉम्प्युटर

लग्न होऊन मी इंदापूर तालुक्यातल्या सासरी आले, तेव्हा रुखवताबरोबर माझं एक सर्टिफिकेटही आलं होतं, बारामतीच्या एका कॉम्प्युटर क्लासचं. माहेर जळोचीचं, त्यामुळे सायकल मारत क्लासला जाता यायचं. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ते सर्टिफिकेट हातात घेतलं, मागून-पुढून पाहिलं आणि विचारलं, "ह्येचं काम घरी बसून व्हतं का?" मी म्हटलं, होतं. एवढीच माझी मुलाखत. सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर आमच्या घरात कॉम्प्युटर आला. तोवर गावाने तो फक्त कॅलेंडरवरच्या चित्रात पाहिलेला.

आमच्या सासरी पूर्वी मेंढरं होती. मामंजींची उमेदीची वर्षं कळपामागे फिरण्यात गेलेली. पुढे मेंढरं विकली, ऊस लावला, माझे यजमान दूध डेअरीत नोकरीला लागले. पण शेवटच्या कातरणीची लोकर मामंजींनी विकली नव्हती. तिची एक काळी घोंगडी त्यांनी विणून घेतली होती. ती पांघरायची नव्हती. देव बसवायचा असेल किंवा कुणी मोठा पाहुणा आला असेल, तरच ती पेटीतून बाहेर निघायची. कॉम्प्युटर आला त्या दिवशी मामंजींनी ती काढली, चार पदरी घडी करून टेबलावर अंथरली आणि सीपीयूचा उभा डबा स्वतःच्या हातांनी तिच्यावर ठेवला. धूळ लागू नये म्हणून घोंगडीची पुढची कड वर घेऊन डब्याच्या पायाशी नीट खोचली. माझे डोळे भरून आले होते. सुनेच्या कामाला इतका मान देणारं घर मी तरी आसपास पाहिलं नव्हतं.

काम होतं शाळांच्या प्रश्नपत्रिकांचं. शेजारच्या गावातल्या हायस्कूलचे हेडमास्तर हाताने लिहिलेले कागद आणून द्यायचे. मी ते मराठीत टाइप करायचे, मग प्रिंटरची रिबीन काढून त्याच्या सुयांनी थेट स्टेन्सिलच्या मेणकागदावर अक्षरं उमटवायचे. शाळा त्यावरून प्रती काढायची. पेपर फुटू नये म्हणून मामंजी स्वतः खोलीच्या उंबऱ्यावर राखणीला बसत. दहावीतला एक पुतण्या पाणी मागायच्या निमित्ताने दिवसातून सहा वेळा यायचा आणि सहाही वेळा त्याला रांजणाकडे पिटाळलं जायचं.

डिसेंबर-जानेवारी झकास गेले. फेब्रुवारीच्या शेवटाला कॉम्प्युटरने पहिल्यांदा मान टाकली. टाइप करता करता पडदा जागच्या जागी गोठला. कर्सर हलेना, कळ दाबली तर काही उठेना. बंद करून चालू केला, चालला, परत गोठला. कधी सगळा पडदा निळा व्हायचा आणि पांढऱ्या अक्षरांत काहीतरी दटावून सांगायचा. दर दोन ओळींनी सेव्ह करायची सवय मला तेव्हा लागली ती आजतागायत गेलेली नाही. भूगोलाचा एक पेपर मी चार वेळा टाइप केला. गोदावरी खोऱ्यातली पिकं आजही झोपेतून उठवलं तरी सांगेन.

मग घरादाराचे अंदाज सुरू झाले. यजमान म्हणाले, व्होल्टेज. स्टॅबिलायझर बसवला, काही फरक नाही. कुणीतरी व्हायरस हा शब्द गावात आणला, तेव्हा आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, फ्लॉपीचा डबा लोणच्याच्या बरण्यांपासून लांब ठेवायला लावला. शेवटी यजमानांनी सीपीयू पोत्यात गुंडाळून एसटीने बारामतीला दुकानात नेला. दुकानदाराने वरचं झाकण काढलं, आतली धूळ ब्रशने झटकली, आतले सगळे प्रोग्रॅम पुसून नव्याने भरले आणि झाकण काढलेल्या स्थितीतच दिवसभर चालवून दाखवला. एकदाही बंद पडला नाही. घरी आणला, घोंगडीवर ठेवला, तासाच्या आत गोठला. असं दोनदा झालं. दुसऱ्या खेपेला दुकानदार यजमानांना म्हणाला, "मशीन ओके आहे. चालवणाऱ्याला जरा शिकवून घ्या."

हे वाक्य यजमानांनी घरी जसंच्या तसं सांगितलं. त्यांच्या साधेपणाचा मला तेव्हा इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. कारण त्यानंतर घरात ते पक्कं झालं. आत्याबाई भांडखोर नव्हत्या, पण भाकरी थापता थापता सहज म्हणाल्या, "तिचा हात लागला की बंद पडतंय. दुकानात बरं चालतंय." धाकटे दीर पुण्याला इंजिनिअरिंगला होते. ठरलं असं की वार्षिक परीक्षेचे पेपर वेळेत झाले तर ठीक, नाहीतर मशीन पुण्याला त्यांच्याकडे जाईल. हेडमास्तरही सांगून गेले होते की या वेळी अडलं तर ते पुन्हा इंदापूरच्या छापखान्यात जातील. मला खरं दुःख मशीन जाण्याचं नव्हतं. त्याबरोबर या घरात माझ्याविषयी एक मत कायमचं बसणार होतं, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मलाही ते थोडं खरं वाटू लागलं होतं. कळ दाबताना माझी बोटं बिचकायची.

मग मी एसटीडी बूथवर जाऊन क्लासमधल्या मॅडमना फोन लावला.

मॅडम माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनीच मोठ्या. आम्हाला टायपिंग शिकवायच्या आणि क्लासमधली आठही मशीनं स्वतः दुरुस्त करायच्या. मी फोनवर धडाधडा सांगायला लागले की व्हायरस असेल, नाहीतर मदरबोर्ड गेला असेल. त्यांनी मला मध्येच थांबवलं. "काय बिघडलंय ते मला सांगू नकोस. काय होतं तेवढं सांग." मला नीट सांगता येईना. मग म्हणाल्या, "आठ दिवस वही ठेव. किती वाजता चालू केला, किती वाजता बंद पडला, तेव्हा काय करत होतीस. काहीही बदलू नकोस, सुधारायला जाऊ नकोस. आणि एक दिवस नुसता चालू करून ठेव. हात लावू नकोस."

मी वही ठेवली. आठ दिवसांनी तिच्यात जे दिसलं ते मला आधी दिसलं नव्हतं, याची अजून लाज वाटते. सकाळी पहिल्यांदा लावला की पाऊण तास चालायचा. लगेच परत लावला तर दहा मिनिटं. जेवण करून, भांडी घासून तासाभराने लावला तर पुन्हा बराच वेळ. दुपारी सकाळपेक्षा कमी. टाइप करत असले काय, प्रिंटर चालू असला काय, त्याला सोयरसुतक नव्हतं. आणि ज्या दिवशी मी तो नुसता लावून लांब खाटेवर जाऊन बसले, त्या दिवशीही तो पाऊण तासाने गोठला. मी आत्याबाईंना हाक मारून दाखवलं. त्या पदराला हात पुसत आल्या, पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तू बघत व्हतीस न्हवं?" मी हसले, पण वही छातीशी धरून हसले.

फोनवर वही वाचून दाखवली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "रविवारी येते."

सकाळच्या एसटीने त्या आल्या. खांद्याला शबनम, तिच्यात एक स्क्रू ड्रायव्हर, चिमटा आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन-तीन सुटे भाग. मामंजी उंबऱ्यावरच होते. त्यांनी पाणी द्यायला सांगितलं आणि विचारलं, "कुठल्या गावच्या म्हणायच्या तुमी?" आमच्याकडे हा प्रश्न गावापाशी थांबत नाही, पुढचे दोन प्रश्न त्याच्या मागे उभेच असतात. मॅडम म्हणाल्या, "लोणी भापकरची. आम्ही बौद्ध." वेळ किती वाजली ते सांगावं तशा सहज म्हणाल्या. मामंजी क्षणभर थांबले आणि म्हणाले, "बसा की." आत्याबाईंनी चहा पाहुण्यांच्या कपबशीतच आणला. ती कुठली आहे हे मी डोळा लावून बघत होते, हे लिहितानाही मला अवघड वाटतं.

दुकानदाराने पहिल्याच मिनिटाला डबा उघडला होता. मॅडमनी हातसुद्धा लावला नाही. म्हणाल्या, "उघडल्यावर तो शहाण्यासारखा वागतो, हे दुकानात दोनदा दिसलंय. जसा रोज असतो तसाच राहू दे." चालू करायला लावला आणि खुर्ची ओढून डब्याला कान देऊन बसल्या. मी काही बोलायला गेले तर बोट वर केलं. उंबऱ्यावर मामंजी, टेबलाशी मॅडम, मध्ये मी. बाहेर शेजाऱ्याचा ट्रॅक्टर सुरू झाला तर मामंजींनी उठून त्याला पलीकडे न्यायला सांगितलं. ते कशाची शांतता राखत होते हे त्यांना माहीत नव्हतं, पण कान देऊन ऐकणारं माणूस त्यांना ओळखू येत असणार. कळपातलं कुठलं मेंढरू खोकतंय हे त्यांनीही आयुष्यभर असंच ऐकलं होतं.

पंचवीस-एक मिनिटांनी मॅडमनी मान वर केली. "आता ऐक. मघाशी दोन आवाज होते, एक जाड, एक बारीक. बारीक गेला." मला काही कळलं नाही. मामंजी उंबऱ्यावरून म्हणाले, "व्हय. गेला खरा." आणखी काही मिनिटांनी पडदा गोठला.

तरीही त्या घाई करेनात. बरोबर आणलेला मेमरीचा तुकडा आधी घालून पाहिला, मग वीजपुरवठ्याचा डबा बदलून पाहिला. एका वेळी एकच गोष्ट. बदलायची, झाकण लावायचं, परत पहिल्यासारखा घोंगडीवर ठेवायचा आणि वाट बघायची. दर वेळी गोठला, दर वेळी आधी बारीक आवाज गेला. मी विचारलं, कारण सापडलंय असं वाटतंय तर हे कशाला? त्या म्हणाल्या, "वाटतंय म्हणूनच. मला वाटतंय ते खोटं असलं तर आजच कळू दे, मी गेल्यावर नको." गणिताच्या शिक्षकांनीही मला इतक्या सोप्या शब्दांत काही शिकवलं नव्हतं. स्वतःच्या हुशारीवर इतका अविश्वास ठेवणारं हुशार माणूस मी पहिल्यांदा पाहत होते, आणि त्यांच्याकडे बघताना मला पोटातून बरं वाटत होतं.

मग एकदा बारीक आवाज थांबताच त्यांनी मेन स्विच बंद केला, वायर काढली आणि पटकन झाकण उघडलं. मुख्य चिपवर अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचा एक ठोकळा असतो आणि त्यावर बिस्किटाएवढा पंखा. त्यांनी ठोकळ्याजवळ हात नेला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग पंख्याचे चार स्क्रू काढून तो उचलला. ब्रशला जिथे पोचता येत नाही तिथे, पंखा आणि पट्ट्या यांच्या मध्ये, धूळ आणि काळे केस यांचा एक घट्ट थर बसला होता. पंख्याच्या आसाभोवतीही तेच केस गुंडाळले गेले होते. मॅडमनी चिमट्याने एक लांब केस सोडवून तळहातावर घेतला.

मी तो ओळखला. खोलीतल्या तिघांनीही ओळखला. डबा हवा आत घेत होता तो खालच्या जाळीतून, आणि ती जाळी घोंगडीत रुतली होती, वर कड खोचलेली. चार महिने तो लोकरीतून श्वास ओढत होता. पंखा अडला की चिप तापायची आणि मशीन गोठायचं; दुकानात झाकण उघडं, म्हणून बाहेरची हवा लागून चालायचं. आणि ही घोंगडी कुणी अंथरली होती, ते मी बोलू शकत नव्हते. मामंजींनी कधी स्वतःची चूक कबूल केल्याचं घरात कुणी ऐकलं नव्हतं. एकदा भिगवणला जायचं म्हणून निघाले आणि टेंभुर्णीला पोचले, तर परत येऊन एसटी चुकली म्हणाले. आता ते रागावून मशीनच उचलायला लावतील असं मला वाटलं.

मॅडम उठल्या. तो केस आणि पंखा घेऊन उंबऱ्याशी गेल्या आणि त्यांच्यासमोर खाली बसल्या. "मामा, ही लोकर आहे ना? चिमट्याने ओढली की तुटते आणि आत राहते. ती कशी काढायची असते?"

मामंजींनी पंखा हातात घेतला. उजेडाकडे धरला. बोटाने एकदा फिरवून पाहिला, कुठल्या बाजूला अडतो ते बघितलं. मग उलट्या बाजूने फिरवत नखाने एक टोक उचललं आणि बोटांच्या चिमटीत पीळ देत देत हळूहळू ओढू लागले. लोकरीचा धागा न तुटता निघत आला. त्यांची बोटं जाड, भेगाळलेली, पण तेवढ्या वेळात ती किती हलकी झाली होती. "वडू न्हाय," ते म्हणाले, "पिळायची. पिळली की समदी एकमेकीला धरून येती." मघाशी डब्याचा आवाज ऐकत होत्या तशाच मन लावून मॅडम त्यांच्या बोटांकडे बघत होत्या. त्यात मामंजींना बरं वाटावं म्हणून केलेलं काही नव्हतं. त्यांना खरोखर शिकायचं होतं.

पंखा साफ झाला तरी थोडा जड फिरत होता. मॅडमनी मागचं स्टिकर उचललं आणि तेल आहे का विचारलं. आत्याबाई दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या, त्या आत जाऊन शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घेऊन आल्या. एक थेंब. पट्ट्यांमधला थर काढला, पंखा जागेवर बसवला. डबा आता लाकडी पाटावर ठेवला, जाळी मोकळी. "पंखा मी नवीन पाठवते, हा थोडे दिवस काढेल," मॅडम म्हणाल्या. चालू केला. दोन आवाज. तासाने दोन, दोन तासांनी दोन. मी इतिहासाचा पूर्ण पेपर टाइप केला आणि पडद्याने हूं की चूं केलं नाही.

दरम्यान मामंजींनी टेबलावरची घोंगडी उचलली होती. बाहेर अंगणात नेऊन झटकली. आम्हाला वाटलं पेटीत ठेवतील. ते ती घेऊन स्वयंपाकघराजवळच्या सोप्यात आले, खाली अंथरली आणि मॅडमना म्हणाले, "जेवून घ्या. येष्टीला येळ हाय." मॅडम तिच्यावर बसून जेवल्या. त्या घोंगडीवर बसणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगितलं नाही, मीही नाही. आत्याबाईंनी भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला आणि अजून घ्या, अजून घ्या करत राहिल्या. मला आमच्या घराचा तेव्हा फार अभिमान वाटला.

पुढचे पाच दिवस मी सकाळी भाकरी झाल्या की बसायचे ती दिवेलागणीपर्यंत. सगळे पेपर, सगळी स्टेन्सिलं. शनिवारी हेडमास्तर न्यायला आले. ओट्यावर मामंजींबरोबर गावातली तीन-चार माणसं बसली होती. मी स्टेन्सिलांचा गठ्ठा कागदात बांधून यजमानांच्या हाती बाहेर पाठवला आणि दाराच्या आत उभी राहिले. हेडमास्तरांनी गठ्ठा उघडून चाळला, खूश झाले आणि हसत म्हणाले, "काय तात्या, शिकली का अखेर सूनबाई मशीन चालवायला?"

माणसं हसली. इतकं करून शेवटी तेच, असं मला वाटलं. आत जाणार होते, तेवढ्यात मामंजींचा आवाज आला, नेहमीसारखाच, वर न चढवता.

"तिला पयल्यापासून येत हुतं, मास्तर. घोंगडी म्या अंथरली, तिच्यानं त्येचा जीव गुदमरला. चूक माजी हाय. तिच्या हातात काय बी खोट न्हाय."

मग हेडमास्तर गठ्ठा बांधायला लागले आणि बोलणं उसाच्या तोडीवर गेलं. हे मामंजी माझ्याशी कधीच बोलले नाहीत, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. मी दाराआड उभी आहे हे त्यांना माहीत होतं.